आजीची वही आणि मिस्साग्रंथ



ग्वाल्हेर शहरात शिंदे की छावनी या नावाचा एक जुना भाग आहे. तेथे राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे पत्र आमच्या हाती आले आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी त्या घरच्या सूनबाई. त्यांची सासर-माहेरची दोन्ही घराणी मूळची अहमदनगर जिल्ह्यातील (सध्या त्या जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात). नोकरीनिमित्त यजमानांचे वडील ग्वाल्हेरीस गेले आणि बिऱ्हाड तेथेच स्थिरावले. घरातील आजीबाई प्रभूच्या घरी गेल्यानंतर त्यांच्या पेटीत गायनांची एक हस्तलिखित वही सापडली. नाताळची, उपवासकाळाची व पवित्र मरियेची गीते, कीर्तनातील काही पदे, आणि शेवटच्या पानांवर 'तांतुम एर्गो' व 'साल्वे रेजिना' ही लॅटिन गीते, कानांनी ऐकली तशी बाळबोध अक्षरांत उतरवलेली. या वहीविषयी सूनबाईंनी दोन प्रश्न केले आहेत. पहिला असा: पूर्वी साऱ्या जगात पवित्र मिस्सा एकाच लॅटिन भाषेत होत असे. ती चाल राहिली असती, तर आम्ही ग्वाल्हेरच्या मंदिरातही घरच्यासारखेच वावरलो असतो. आता तेथे हिंदी, गावी गेलो की मराठी, मुंबईस नणंदेकडे गेलो की इंग्रजी. असे का केले? दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे: मुले हिंदी शाळेत शिकतात, ही गाणी येथे कोणी गात नाही, मग या वहीचे आम्ही काय करावे?

दोन्ही प्रश्न एकाच धाग्याने बांधलेले आहेत. उत्तर देण्यासाठी आम्हांस थोडे मागे जावे लागेल. वाचकांनी त्रास मानू नये.

पहिली गोष्ट ही, की लॅटिन ही ख्रिस्तसभेची जन्मभाषा नव्हे. प्रभू येशू व त्याचे प्रेषित अरामाईक बोलत. पवित्र शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. प्रत्यक्ष रोम नगरीतही आरंभीची उपासना ग्रीक भाषेतच चाले, कारण तेथील पहिले ख्रिस्ती लोक बहुतांशी पूर्वेकडून आलेले, गरीब, गुलाम, कारागीर असे होते. आणि त्यांच्या तोंडी ग्रीक होती. पुढे लोकांना लॅटिनच समजू लागली, तेव्हा चौथ्या शतकात, पोप दामासस यांच्या सुमारास, रोमच्या उपासनेने लॅटिन वेष धारण केला. म्हणजे लॅटिनचा स्वीकार झाला तोच मुळी ती लोकांची बोली होती म्हणून. जुन्या भाषांचे अवशेष मात्र राहिले. 'किरिये एलेइसोन' हे ग्रीक. 'आमेन', 'आल्लेलुया', 'होसान्ना' हे हिब्रू. आज ग्वाल्हेरच्या हिंदी मिस्सामध्ये आमेन म्हणताना सूनबाई जो शब्द उच्चारतात, तोच शब्द दोन हजार वर्षांपूर्वी नाझरेथच्या प्रार्थनामंदिरात उच्चारला जात होता.

नवव्या शतकात संत सिरिल व संत मेथोदियस हे बंधू स्लाव्ह लोकांत गेले. त्यांनी त्या लोकांसाठी लिपी सिद्ध केली आणि उपासना त्यांच्या भाषेत आणली. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषांत व्हावी असे म्हणणारे विद्वान त्या काळीही होते. ८८० साली पोप आठवे योहान यांनी स्लाव्ह भाषेतील उपासनेस मान्यता दिली. आपल्याच देशात, केरळातील थोमा ख्रिस्ती लोकांची उपासना शतकानुशतके सिरियाक भाषेत होत आली, लॅटिनमध्ये नव्हे. आणि १९६२ साली सीरो-मलबार सभेने ती मल्याळम् भाषेत आणली. तेव्हा 'साऱ्या जगात एकच मिस्सा' हे सूनबाईंचे वाक्य ऐकायला गोड असले, तरी पूर्णांशाने खरे नाही.

लॅटिनचे जे एकछत्री रूप आपल्या आजी-आजोबांनी पाहिले, ते त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतरचे. ती परिषद १५६३ साली संपली. १५७० साली पोप संत पाचवे पायस यांनी रोमन मिस्साग्रंथ प्रसिद्ध केला आणि दोनशे वर्षांहून अधिक जुनी स्वतंत्र परंपरा ज्यांच्याकडे नव्हती, अशा साऱ्या लॅटिन धर्मप्रांतांना तो लागू केला. त्या आधी ठिकठिकाणच्या हस्तलिखित ग्रंथांत फार फरक पडलेले होते. नकला करताना चुका शिरत, नवी पदे घुसत. छापखान्याच्या साहाय्याने एकच शुद्ध पाठ सर्वत्र पोहोचवणे प्रथमच शक्य झाले होते. हा मिस्साग्रंथ किरकोळ फेरफारांनी चारशे वर्षे चालला. त्याची शेवटची आवृत्ती १९६२ सालची. त्याने ख्रिस्तसभेस मोठी शिस्त व मोठे सौंदर्य दिले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण त्याबरोबर एक अंतरही आले. वेदीवर धर्मगुरू लॅटिन बोलत आणि खाली भाविक आपली जपमाळ ओढीत. १६६१ साली तर मिस्साग्रंथाच्या फ्रेंच भाषांतराचा पोपमहाशयांकडून निषेध झाला, आणि असली भाषांतरे भाविकांच्या हाती देण्यावरील बंधन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९७ साली, नाहीसे झाले.

येथे एक चटका लावणारी हकीकत सांगावीशी वाटते. १६१५ साली पोप पाचवे पॉल यांनी चीनमधील येशूसंघीय मिशनऱ्यांना चिनी भाषेत उपासना करण्याची अनुमती दिली होती. ती प्रत्यक्षात कधीच अमलात आली नाही. लुडोविको बुलिओ नामक येशूसंघीय धर्मगुरूंनी मिस्साग्रंथाचे चिनी भाषांतर करून १६७० साली पेकिंग येथे छापले. तोवर वारे फिरले होते. आणि त्या अनुमतीनंतर अवघ्या एका वर्षाने, १६१६ साली, आपल्या इकडे, गोव्याच्या साष्टी प्रांतात रायतूर येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले.

फादर स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय. १५७९ साली ते गोव्यास उतरले आणि १६१९ साली तेथेच वारले. चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टीत घालवला. त्यांनी मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती पुष्कळ वाचकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. परंतु त्या ग्रंथाची निकड का भासली, हे शाळेत क्वचितच सांगतात. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळांबरोबर एतद्देशीय भाषांतील पोथ्याही नष्ट केल्या. ही गोष्ट झाकून ठेवण्यात आम्हांस भूषण वाटत नाही. नव्या ख्रिस्ती लोकांच्या घरांत ओवी होती, पुराण ऐकण्याची सवय होती, पण पुराण नव्हते. खुद्द ग्रंथातच स्टीफन्स सांगतात, की धर्मशिक्षणाच्या वेळी एका ब्राह्मणाने उठून म्हटले: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर तशा प्रकारचे दुसरे आम्हांस का देत नाही? त्या प्रश्नातून हे काव्य जन्मास आले. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, दुसऱ्याचे ५९. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र. ओवी ज्ञानदेवांची व एकनाथांची, कथा बेथलेहेमची.

स्टीफन्स यांची इच्छा ग्रंथ येथल्या लिपीत छापावा अशी होती. १६०८ सालच्या आपल्या एका पत्रात त्यांनी येशूसंघाच्या वरिष्ठांकडे त्यासाठी खिळे पाडण्याची अनुमती मागितली. या लिपीत जोडाक्षरे धरून सहाशेहून अधिक आकार लागतील, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. ते खिळे पडले नाहीत. मराठी पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. १६४९ व १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्रुआ यांनी संत पेत्राच्या चरित्रावर तसेच विस्तीर्ण ओवीबद्ध पुराण रचले, तेही गोव्यातच १६२९ ते १६३४ या काळात छापले गेले.

आणि मग १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयांचे फर्मान निघाले, की तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा फर्मानाने मरत नाही, तशी ती मेली नाही. परंतु त्या भाषेतील धार्मिक ग्रंथांचा छापखाना मात्र थंडावला. एक काळ असा आला, की 'ख्रिस्तपुराणा'च्या त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत शिल्लक उरली नाही. आजतागायत कोठेही ती आढळलेली नाही.

मग आज आपण 'ख्रिस्तपुराण' वाचतो ते कसे? वाचकहो, येथेच सूनबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. ज्या ख्रिस्ती घरांत हे पुराण गायले जाई, त्या घरांतील माणसांनी ते हाताने उतरवून ठेवले. वह्याच त्या! वाळवी लागलेल्या, पाने गळालेल्या, एका पिढीने दुसरीला दिलेल्या. अशा हस्तलिखितांवरून श्री. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत आवृत्ती काढली. पुढे लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात देवनागरीत लिहिलेली एक प्रत असल्याचे डॉ. जस्टिन ॲबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. १९५६ साली श्री. शांताराम बंडेलू यांनी पुण्यास देवनागरीत आवृत्ती छापली; म्हणजे स्टीफन्स यांनी मागितलेली अक्षरे त्यांच्या पुराणास छापील रूपात साडेतीनशे वर्षांच्या आसपास वाट पाहून मिळाली. त्यानंतर फादर कारिदाद द्राग व फादर नेल्सन फलकाव यांनीही श्रम घेतले. या साऱ्या विद्वानांच्या आधी कोणी तरी अनाम माणूस दिव्याच्या उजेडात नक्कल करीत बसला होता, हे आम्हांस विसरवत नाही.

एक भेद येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. 'ख्रिस्तपुराण' हा उपासनेचा ग्रंथ नव्हे. वेदीवर लॅटिन मिस्साग्रंथच असे. पुराण त्याच्या बाहेर, धर्मशिक्षणात, घरात, उपवासकाळात. असे दोन प्रवाह आपल्या लोकांत शेजारी-शेजारी वाहत राहिले: वेदीची भाषा आणि चुलीजवळची भाषा. वसईच्या वाड्यांत पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, तरी ख्रिस्ती लोक व त्यांची उपासना राहिली. मंदिरात लॅटिन गायन, आणि लग्नाच्या मांडवात सामवेदी वा वाडवळी बोलीतील गाणी. क्रुसापाशी लॅटिन लदाइन गाणाऱ्या बाया शेतावर जाताना त्याच गळ्याने मराठी गाणे म्हणत. नगरकडे तिसराच रंग. तेथे टाळ, मृदंग, कीर्तन, भजन यांची हवा. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी भक्तिगीतांची मोठी ठेव दिली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते खरे. पण गोड पद पंथाचे कुंपण पाहत नाही, आणि आजीबाईंच्या वहीतील काही पदे त्याच मुशीतली असावीत असा आमचा तर्क आहे. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेस जे कधी गेले असतील, त्यांना आम्ही काय म्हणतो ते अधिक सांगावे लागणार नाही.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाले. वरवर पाहणारा म्हणेल, लॅटिन हद्दपार झाली. तसे मुळीच नाही. त्याच दस्तऐवजाच्या ३६ व्या कलमात लॅटिन भाषेचा उपयोग राखावा असे म्हटले आहे. लोकभाषेस वाव द्यावा आणि तो किती द्यावा हे त्या त्या प्रदेशाच्या महागुरुस्वामींनी ठरवावे, असेही त्याच कलमात आहे. ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान दिलेले आहे, आणि तीनच कलमांनंतर मिशन देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असे सांगितले आहे. ७ मार्च १९६५ रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप सहावे पॉल यांनी रोममधील एका साध्या धर्मग्रामात इटालियन भाषेत मिस्सा अर्पण केला. त्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर १९६४ मध्ये, ते आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी मुंबईस येऊन गेले होते. १९६९ साली नवा मिस्साग्रंथ आला. त्याच वर्षी आपल्या देशासाठी बारा बाबींना रोमची अनुमती मिळाली: बूट काढून उपासनेस बसावे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून लवून वंदन करावे, मेणबत्तीच्या जागी समई चालावी, आरती ओवाळावी, इत्यादी. यांवरही आपल्याच लोकांत कडाक्याचे वाद झाले. कोणी म्हणाले, हे हिंदू चालीचे झाले. ओवीत ख्रिस्तकथा सांगण्यास साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना संकोच वाटला नाही, त्यांच्या वंशजांना समईचा संकोच वाटावा, याचे आम्हांस थोडे हसू येते.

आता सूनबाईंच्या पहिल्या प्रश्नास नेमके उत्तर. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परगावी गेलेल्या माणसास मंदिराच्या दारात पाऊल ठेवताच ओळखीचे शब्द कानी पडावेत, ही भूक खरी आहे. लॅटिनने ती काही अंशी भागवली. परंतु आम्ही त्यांना विचारतो: आजीबाईंनी 'तांतुम एर्गो' वहीत उतरवले, ते त्यांना किती समजले असेल? ते गीत तेराव्या शतकातले, संत थॉमस अक्विनास यांनी ख्रिस्तशरीराच्या सणासाठी रचलेल्या दीर्घ स्तोत्राची शेवटची दोन कडवी. तो सण १२६४ साली साऱ्या ख्रिस्तसभेस लावून देण्यात आला. अर्थ खोल आहे. आजीबाईंची श्रद्धाही खोल होती. पण ती श्रद्धा शब्दांच्या अर्थातून आली नव्हती. पवित्र साक्रामेंताच्या दर्शनातून, धुपाच्या वासातून, आणि शेजारच्या पानावरील मराठी पदांतून आली होती. तेव्हा ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीतले शुभवर्तमान समजते, हे नुकसान नव्हे. मुलांना घरापेक्षा मंदिरात अधिक समजत असेल, तर तो दोष मंदिराचा कसा?

पोप सहावे पॉल यांनाही या भुकेची जाणीव होती. म्हणून १९७४ साली त्यांनी 'युबिलाते देओ' नावाची सोप्या लॅटिन गायनांची एक लहानशी पुस्तिका जगातील महागुरुस्वामींकडे पाठवली. निरनिराळ्या भाषांचे भाविक एकत्र जमले, तर निदान इतके तरी सर्वांना मिळून गाता यावे, हा हेतू. तिचा प्रसार व्हावा तितका झाला नाही. आमच्या मते ही खेदाची गोष्ट आहे. सूनबाईंच्या धर्मग्रामात गायनमंडळ असेल, तर त्यांनी तेथील धर्मगुरूंना नम्रपणे सुचवावे, की महिन्यातून एकदा 'सांक्तुस' लॅटिनमध्ये म्हणावे. मात्र मराठी मिस्सासाठी हट्ट धरू नये. जेथे चार मराठी घरे व चारशे हिंदी घरे, तेथे रविवारची वेदी चारशेंच्या भाषेत बोलणार, आणि ते रास्त आहे. फारतर नाताळच्या वेळी एक मराठी गीत मागावे. ते मिळेल.

शिवाय ग्वाल्हेर हे मराठीस काही परके गाव नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तेथे तळ दिला. त्या तळास लष्कर म्हणत, आणि पुढे त्याचे शहरच झाले. छावनी हे नावही त्याच काळाची आठवण देते. शिंद्यांच्या पदरी नेपल्सहून आलेले फिलोस हे कॅथलिक घराणे पिढ्यानपिढ्या होते. १८७४ साली बांधून झालेला जयविलास राजवाडा त्याच घराण्यातील सर मायकेल फिलोस यांच्या आराखड्यावरचा. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचा देह १९४१ साली ग्वाल्हेरीसच पडला. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले आणि अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. (त्याच पीठावर २०२० साली, उस्मानाबाद येथे, आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. 'सुबोध बायबल' देणारा हा मराठी धर्मगुरू २०२४ साली आपल्यातून गेला.)

आणि गाण्याविषयी तर बोलायलाच नको. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची गायकी ग्वाल्हेरची. ती शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात आले, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि तेथून ती हवा भजनांत व कीर्तनांत घरोघर पसरली. आजीबाईंच्या वहीतील एखाद्या पदावर कोणत्या रागाची छाया असेल, तर ती ग्वाल्हेरहून नगरास जाऊन पुन्हा ग्वाल्हेरीस परत आली असणे अशक्य नाही.

यावरून आम्हांस मुख्य काळजी वाटते ती शब्दांची नव्हे, चालींची. पत्रात लिहिले आहे, की पुष्कळ पदांच्या डोक्यावर आजीबाईंनी 'चाल' असे लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द दिले आहेत, आणि ते दुसरे गाणे घरात कोणास येत नाही. आपल्या जुन्या गीतसंग्रहांतून हीच पद्धत आढळते. गाणाऱ्याला चाल पाठ असे, म्हणून खूण पुरे. चाल विसरली गेली, की खूण निरुपयोगी. रोमच्या जुन्या हस्तलिखितांचेही असेच झाले होते: नवव्या-दहाव्या शतकांतील पुस्तकांत शब्दांवर नुसत्या बारीक रेघा-टिंबे असत, स्वर वर चढतो की खाली येतो एवढेच दाखवणारी, नेमका कोणता स्वर ते गुरूच्या तोंडून शिकायचे. पुढे अकराव्या शतकात ग्विदो नामक मठवासीयाने रेषांची पद्धत बसवली, तेव्हा कुठे न ऐकलेले गाणे पुस्तकावरून म्हणता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील सोलेम मठातील साधूंना ती रेघा-टिंबे पुन्हा वाचावयास वर्षानुवर्षे झिजावे लागले. आजीबाईंच्या चालींसाठी कोणी सोलेमचा मठ बसणार नाही. जे व्हायचे ते आताच, जिवंत गळ्यांकडून झाले पाहिजे. अलीकडे सिनेमाच्या चालींवर भक्तिगीते बसवण्याची जी घाई सुटली आहे, ती चाली हरवल्यामुळेच होय. आमच्या कानाला ती सहन होत नाही, पण ते असो.

मुलांस मराठी येत नाही, ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत होते. त्यातून ते देवनागरीत आणण्यास विद्वानांना आयुष्ये वेचावी लागली. तुमची मुले हिंदी वाचतात, म्हणजे वहीची लिपी त्यांना येतेच. 'ळ' आला की अडखळतील, तेवढा शिकवावा. संध्याकाळी जपमाळेनंतर एक पद मुलाने मोठ्याने वाचावे, आईने अर्थ हिंदीत सांगावा. आठवड्यास एक पुरे. उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, यात कसलाही विरोध नाही. आपल्या पूर्वजांनी याहून दूरच्या दोन भाषा एका वहीत सुखाने नांदवल्या.

सूनबाईंनी आता असे करावे. प्रथम मोबाइलवर वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, कोरे पान असले तरी सोडू नये, आणि ती छायाचित्रे गावाकडील दोन नातेवाइकांकडे पाठवावी. नंतर एका जाड वहीत शाईने नक्कल करावी. मुलांकडून करवली तर उत्तम. ज्या पदांची चाल कोणास ठाऊक नाही, त्यांची यादी वेगळी काढावी. पत्रात उल्लेखिलेल्या श्रीरामपूरच्या वृद्ध आत्याबाई अद्याप गातात असे दिसते. या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे चार दिवस राहून, त्यांना दम लागणार नाही अशा बेताने, रोज दोन-तीन पदे गाऊन घ्यावी व मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. प्रत्येक पदाच्या आधी त्यांनी स्वतःचे नाव, गाव आणि ते पद कोणत्या सणास म्हणत असत हे बोलून ठेवावे. आत्याबाईंनाही न येणाऱ्या चालींची यादी आमच्याकडे पाठवावी. नगर, नाशिक, संभाजीनगर व वसईकडील वाचकांत ज्यांना त्या येत असतील, त्यांना आम्ही या सदरातून विनंती करू.

नक्कल करताना शुद्धलेखन सुधारण्याचा मोह होईल. मराठी पदांत जेथे उघड चूक असेल तेथे पेन्सिलीने समासात लिहावे. शेवटच्या पानांवरील 'तांतुम एर्गो' मात्र मुळीच दुरुस्त करू नये. आजीबाईंच्या कानांनी ते जसे ऐकले, तसेच राहू द्यावे.